भीमसेन कुणाचे?

आमच्या वडगावात संध्याकाळी मागांचा खडखडाट थांबला, की घराघरांतला रेडिओ ऐकू येई. आमच्याकडे पंडित भीमसेन जोशींचे अभंग लागत. शेजारच्या विणकर मामांकडे त्यांचीच कन्नड दासपदे. त्यामुळे भीमसेन ‘आमचे’ की ‘तुमचे’, हा आमचा नेहमीचा वाद. जन्म १९२२ चा, गदग भागातला. गुरू कुंदगोळचे सवाई गंधर्व. कर्मभूमी मात्र पुणे. पुरावे दोन्हीकडे भक्कम!

गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून भरणाऱ्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला १९९० साली आम्ही दोघे गेलो. रात्रभर जागलो. शेवटी पंडितजी गायला बसले. डोळे मिटलेले, तानेमागोमाग हात, खांदे, सारा देह धावत होता. रेडिओवर हे कुठून दिसणार? मामांच्या डोळ्यांना धार लागली होती, माझ्याही. बंदिशीची भाषा तर ना मराठी होती, ना कन्नड! येताना गाडीत वादाचा विषय कुणी काढलाच नाही.

२४ जानेवारी २०११ रोजी पंडितजी गेले. संध्याकाळी मामा आमच्या दारात आले आणि अभंगांची कॅसेट मागून घेऊन गेले. मागितली अर्थातच कन्नडमध्ये.