माळ्यावरची पेटी

मी बी. एस्सी. (कृषी) झालो आणि विस्तार अधिकारी म्हणून नोकरीला लागलो. तेव्हापासून गावोगाव एकच गोष्ट सांगत आलो आहे. माल काय प्रतीचा आहे हे जाणून घेतल्याशिवाय आणि तो तोलल्याशिवाय विकू नका. बांधावर आलेल्या पहिल्याच व्यापाऱ्याला उक्ता देऊ नका. लोकांना हे ज्ञान सांगणाऱ्या माझ्या हातून आमच्याच घरात काय झाले, ते आज सांगतो.

आमच्या घरी दोन पेट्या होत्या. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. आमचे वडील आबा आणि धाकटे चुलते तात्या, दोघेही भजनाचे वेडे. तरुणपणी त्यांनी एका बंद पडलेल्या नाटक मंडळीच्या सामानातून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्या आणल्या. एकादशीला देवळात दोघे समोरासमोर बसून वाजवीत. पुढे वाटण्या झाल्या, तशी एकेक पेटी एकेका घरी गेली.

२०११ साली काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन निघाले. तात्या म्हणाले, "पेटी काढतो. तू शिकलेला हाईस, काय करावं सांग." मी विचार केला, बाजारात नेण्यापूर्वी आपण जनावरदेखील धुऊन नेतो. मी म्हणालो, "अशी कळकट पेटी कोण घेणार? पॉलिश करून घ्या. सूरही जुने झालेत, ते नवे बसवा." तालुक्याच्या गावी एका मिस्त्रीने दोन्ही कामे केली. पेटी आरशासारखी चमकू लागली. जुने सूर पितळ म्हणून मोडीत गेले. पेटीचे सहा हजार आले. त्यातले अडीच हजार मिस्त्रीचे. उरलेल्या गरजेपायी तात्यांनी गाभण म्हैस विकली. मला वाटले, आपण तात्यांना चांगली मदत केली.

त्यानंतर बारा वर्षे गेली. २०२३ च्या अवकाळी पावसात आमच्या दादाची द्राक्षे गेली, सोसायटीचे कर्ज थकले. आबा तोवर देवाघरी गेले होते. त्यांची पेटी माळ्यावर धूळ खात पडली होती. एके दिवशी जीप घेऊन एक जुन्या वस्तूंचा व्यापारी दारात आला. त्याने झाकण उघडून पाहिले आणि म्हणाला, "चार हजार. आत्ता रोख." दादा तयार झाला. पण वहिनींनी अडवले. "मामंजींची वस्तू हाय. भाऊजींना तरी इचारा." दादाचा फोन आला तेव्हा मीही म्हणणार होतो, देऊन टाक. पण तो सहज बोलून गेला, "त्यानं वरून बघितलंच न्हाई. आतलेच सूर मोजत बसला." माल घेणारा कशाकडे पाहतो यावरून मालाची किंमत कळते, हे मी बाजार समितीच्या आवारात हजारदा पाहिले होते. मी म्हणालो, "थांब."

आम्ही पेटी गोधडीत गुंडाळून मिरजेला नेली. तंबोरे आणि सतारी घडवणारे हे गाव. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे पेट्या दुरुस्त करणारा एक वृद्ध कारागीर भेटला. मी सांगून टाकले, "आम्हाला तुम्हाला विकायची नाही, फक्त पारख करून द्या. पारखीचे पैसे देतो." त्यांनी भाता उघडला आणि सूर बसवलेली फळी उजेडात धरली. म्हणाले, "हे पॅरिसचे सूर. पेटीची किंमत यांत असते, लाकडात नव्हे." मग त्यांनी सांगितले, की हे वाद्य मूळ युरोपातले. भारतात ते मांडीजवळ घेऊन वाजवण्याजोगे झाले, पण जुन्या चांगल्या पेट्यांत सूर पॅरिसचे नाहीतर जर्मन असत. पुढे गुजरातमधल्या पालिताण्याला सूर तयार होऊ लागले. तेही चांगले असतात, पण जुन्या विलायती सुरांचा गोडवा ओळखणारे वादक आजही ते शोधत फिरतात.

मी हळूच म्हणालो, "अशीच दुसरी पेटी होती. तिचे सूर आम्ही बदलले." त्यांनी चष्मा काढला. "जुने कुठं आहेत?" मी काही बोललो नाही.

बंधूंनो, आपल्याकडे माळ्यावर पेटी, तंबोरा, सतार, सारंगी असे काही असेल तर आमच्या अनुभवातून एवढे घ्या. विकण्यापूर्वी त्याला रंग, पॉलिश, नवे सुटे भाग काही करू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ तेवढी पुसा. जुनी पावती, फोटो, कुणी वाजवले याची नोंद असेल तर जपून ठेवा. पारख अशा माणसाकडून करून घ्या की ज्याला ती वस्तू घ्यायची नाही, आणि एकावर न थांबता दोघांना विचारा.

विक्रीच्या वाटा आपल्या मालासारख्याच तीन. व्यापाऱ्याला उक्ती दिली तर पैसे लगेच मिळतात, पण कमी. त्यालाही दुरुस्ती आणि वाट पाहणे असतेच, म्हणून त्याला चोर म्हणू नका. दुसरी वाट अडतीची. दुकानदाराकडे ठेवायची आणि विकल्यावर त्याने कमिशन घ्यायचे. त्यात किमान किंमत, कमिशन, मुदत आणि मोडतोड झाल्यास भरपाई कुणाची, हे कागदावर लिहून घ्या. तिसरी वाट थेट वाजवणाऱ्याला देण्याची. हिला वेळ लागतो, पण किंमत चांगली येते. फोनवर फोटो पाठवाल तर आतल्या भागाचेही पाठवा आणि वाजवून आवाजही ऐकवा. पैसे येण्यासाठी कोड स्कॅन करा, गुप्त आकडा टाका, असे कुणी म्हणाले तर तो लबाड समजा. पैसे घेताना यातले काही लागत नाही.

कायदाही ध्यानात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. वाद्यावर हस्तिदंत किंवा सांबरशिंग असेल तर वन खात्याला विचारल्याशिवाय विक्रीला हात घालू नका.

आम्ही तिसरी वाट धरली. चार महिने लागले. दादा रोज विचारी, "त्या जीपवाल्याला बोलावू का?" शेवटी कोल्हापूरकडच्या एक गायनशिक्षिका आल्या. त्यांनी सतरंजीवर बसून तासभर पेटी वाजवली. वहिनी चूल सोडून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी अडुसष्ट हजार बँकेतून दिले, दोन्हीकडच्या सह्यांची पावती झाली. सोसायटीचे सगळे फिटले नाही, पण नोटीस थांबली. पेटी गाडीत ठेवताना दादाने भात्यावर हात ठेवला आणि घरात निघून गेला.

त्याच संध्याकाळी मी तात्यांकडे गेलो. न सांगताही चालले असते, पण तात्यांची म्हैस माझ्या डोळ्यांपुढून हलेना. सगळे सांगितले. तात्या बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "न्हाई ठाऊक म्हणायचं हुतंस. मी दुसऱ्याला इचारलं असतं." आणि थोड्या वेळाने, "लोकास्नी औषध फवारायचं सांगतोस, ते तरी इचारून सांगतोस न्हवं?"

काकू आतून म्हणाल्या, "पुरे की आता. चहा घे बाळा."

त्या चहाचा घोट घशाखाली उतरेना. तेव्हापासून शेतात कुणी काही विचारले आणि मला नेमके ठाऊक नसले, की मी "बघून सांगतो" म्हणतो, आणि वहीत लिहून घेतो. शिकलेल्या माणसाच्या शब्दावर लोक म्हैस विकतात, हे मला फार उशिरा कळले.