ब्रेकमधील हवा

प्रमाद हा शब्द आपल्या घरांत बहुधा प्रतिक्रमणाच्या वेळी कानी पडतो. आपण तो उच्चारतो आणि आसन गुंडाळून कामाला लागतो. परंतु प्रमाद कोठे दडून बसलेला असेल, याचा नेम नसतो. बदलापूरच्या एका कुटुंबाला तो मोटारीच्या ब्रेकमध्ये सापडला.

घर बदलापूरला, कापडाचे दुकान उल्हासनगरला, आणि दोन भावांचे एकत्र कुटुंब. गाडी पुतण्या चालवतो. तिची देखभालही त्याच्याचकडे. दिवाळीनंतर आजीला घेऊन मंडळी जुन्नरच्या नातलगांकडे गेली होती. परतीच्या वाटेवर माळशेज घाट उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेक दाबावा लागत होता. घाट संपत आला असता पेडल एकाएकी मऊ लागले. पाय खोल गेला, पण गाडी हवी तशी आवरेना. पुतण्याने गिअर खाली घेतला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेला उभी केली. मागे आजी नवकाराची माळ फिरवत होती; तिला काही कळलेही नाही. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक झाले. मुरबाडमार्गे अगदी सावकाश येत सर्वजण सुखरूप घरी पोहोचले.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. सकाळी पेडल पूर्ववत होते. गप्प राहिले असते, तरी कोणी विचारले नसते. परंतु पुढच्या रविवारी आजीला शहापूरच्या मानस मंदिर तीर्थाला न्यायचे ठरले होते. पुतण्याने थोरल्या काकांना घाटातली हकीकत सांगितली. एक गोष्ट मात्र त्याने मागे ठेवली. दिवाळीपूर्वी काकांनी "ब्रेक ऑइल बदललेस ना?" असे विचारले होते, आणि दुकानातल्या गर्दीत तो न बदलताच "हो" म्हणून गेला होता.

ब्रेकची रचना एका साध्या नियमावर उभी आहे. द्रव दाबाने जवळजवळ आक्रसत नाही, म्हणून पायाचा दाब नळीतल्या तेलातून चाकांपर्यंत पोहोचतो. हवा किंवा वाफ मात्र दबते. मग पायाचा जोर तिला दाबण्यातच खर्ची पडतो. ब्रेक ऑइलचा गुणधर्म असा, की ते हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेते. डॉट 3 जातीचे नवे तेल 205 अंश सेल्सिअसच्या आत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. घाटात ब्रेक तापतात, जुने तेल उकळते आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. गाडी थंड झाली, की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि दोष झाकला जातो. झाकलेला दोष नाहीसा झालेला नसतो.

काकांनी ऐन उमेदीत दुकानाच्या टेम्पोची दुरुस्ती स्वतः केलेली होती. गाडी जुन्या पद्धतीची, एबीएस नसलेली; म्हणून हे काम घरी करण्यासारखे होते. कोठे गळती नाही, हे त्यांनी आधी पाहिले. गळती असती, तर गाडी गॅरेजलाच गेली असती. अंबरनाथहून सीलबंद डबा आणला, कारण उघडून ठेवलेले तेलही ओलावा धरते. चाकांना उटी लावली, आणि नुसत्या जॅकवर विश्वास न ठेवता गाडीखाली स्टँड दिले.

गाडीच्या पुस्तकातल्या क्रमानुसार सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून झाली. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवले. काका चाकाशी बसले, पुतण्या पेडलवर.

"दाब."

"दाबले, काका."

"धरून ठेव." काका पाना किंचित फिरवत, तेल नळीत उतरे, पेडल खाली जाई. निप्पल पुन्हा आवळले, की मगच आवाज येई, "आता सोड." निप्पल उघडे असताना पाय उचलला, तर बाहेर काढलेली हवाच परत आत ओढली जाते. एकाला दुसऱ्याचा पाय दिसत नाही, दुसऱ्याला पाना दिसत नाही. सगळा व्यवहार शब्दावर चालतो. मधूनमधून वरच्या टाकीत नवे तेल घालावे लागत होते. ती रिकामी झाली, तर तिथूनही हवा शिरते.

बाटलीत उतरलेले तेल काढ्यासारखे काळपट होते. तीन महिन्यांत तेलाचा रंग इतका बदलत नाही, हे काकांना ठाऊक होते. त्यांनी बाटली उजेडात धरली, पाहिली आणि खाली ठेवली. पुन्हा म्हणाले, "दाब."

पुतण्याने दाबले, पण "दाबले" म्हणाला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, तेल मी बदललेच नव्हते. तुम्हाला खोटे सांगितले. आजी गाडीत होती."

काका क्षणभर थांबले. "माहीत आहे. पाय उचलू नकोस, निप्पल उघडे आहे," एवढेच म्हणाले. मग निप्पल आवळून पुढे म्हणाले, "तुझ्या 'हो'वर मी बिनघोर होतो. आता सोड."

चारही चाके होईपर्यंत एका सामायिकाच्या 48 मिनिटांहून बराच अधिक वेळ गेला. शेवटी नळीतून बुडबुड्यांविना स्वच्छ तेल आले आणि पेडल वरच कडक लागले. जुने तेल गटारात ओतायचे नाही, हे सांगावे लागले नाही; दुकानी जाता-येता वालधुनीचे काळे पाणी दोघेही पाहतात. अप्कायाच्या जीवांची दया केवळ पाणी गाळण्यापुरती नसते. बाटली बंद करून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपाकडे गेली. सोसायटीच्या आवारात संथ गतीने चार वेळा ब्रेक तपासल्यावरच गाडी रस्त्यावर निघाली.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला पुतण्या काकांच्या शेजारी बसला. 'मिच्छामि दुक्कडम्' वर्षातून एकदा संवत्सरीला सर्वांना म्हटले जाते. त्या दिवशी त्याने ते एकालाच म्हटले.

आपले साधू-साध्वी चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. आपण गृहस्थ वाहनाने, कितीतरी अधिक वेगाने जातो. तेव्हा आपली यतना पाऊल टाकण्याच्या आधीपासून सुरू झाली पाहिजे: तेल वेळेवर बदलण्यात, आणि न बदलल्यास तसे सांगण्यात.