पाण्याखालचे चित्र

चेटीचंडच्या संध्याकाळी, बहिराण्याची मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून पुढे निघून गेल्यावर आणि ढोलाचा आवाज इंदोऱ्याच्या दिशेने विरत चालला असताना, ताहिरीची वाटी घेऊन आलेल्या शेजारच्या सात वर्षांच्या मुलीने चित्रकलेच्या वहीतून फाडलेला एक कागद माझ्या पुढ्यात ठेवला, आणि त्या कागदाने माझे पुढचे दोन दिवस व्यापून टाकले. कागदावर झूलेलाल होते. पांढरीशुभ्र दाढी, तुरा खोवलेली पगडी, हातात पोथी, सारे काही जरीपटक्यातल्या दुकानादुकानांत टांगलेल्या दिनदर्शिकेवर असते तसेच. परंतु त्या दिनदर्शिकेवर जो देव कमळावर मांडी घालून बसतो आणि ज्याचे कमळ पल्ला नावाच्या रुपेरी माशाच्या पाठीवर तोललेले असते, त्याची मांडी, कमळ आणि मासा या तिहींचा या चित्रकर्तीने एकाच रेषेत निकाल लावला होता. कमरेखाली थेट शेपटी होती, आणि तिच्यावरचा एकेक खवला निळ्या पेन्सिलीने निगुतीने रंगवलेला होता. मी विचारले, ‘अगं, बाबांचे पाय कुठे गेले?’ तिने माझ्याकडे किंचित करुणेने पाहिले आणि आपल्या नागपुरी हिंदीत उलट मलाच विचारले की, जो पाण्यात राहतो त्याला पाय कशाला लागतील?

हा प्रश्न मला परका नव्हता. लाकूडतोड्याची गोष्ट मी ज्या पुस्तकात प्रथम वाचली, त्यातल्या चित्रात सोन्याची कुऱ्हाड उंच धरलेली देवी नदीतून कमरेपर्यंतच वर आलेली होती. चित्रकाराने तिच्या कमरेशी लाटांच्या चार आडव्या रेषा ओढून आपले काम संपवले होते आणि माझे तेथून सुरू झाले होते. त्या रेषांच्या खाली मी मनाने कितीतरी वेळा शेपटी काढली असेल. इसापाच्या मूळ कथेत ही देवी नव्हेच, तो हर्मीस नावाचा ग्रीकांचा पुरुषदेव आहे, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. परंतु आपल्याकडे पाण्यातून जे वर येते त्याने स्त्रीरूपानेच यावे, अशी जुनी वहिवाट दिसते. आजोळच्या मळ्यात विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते, त्या साती आसरा. ‘भर दुपारी विहिरीवर जाऊ नोको बापू, आसरा धरतेत,’ असे आजी बजावून सांगे, आणि आपण मात्र सकाळी जाऊन त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या ठेवून येई. जलपरी हा शब्द पुस्तकांतला. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांच्या तोंडी आसराच. अप्सरेचा आसरा झाला खरा, पण या झिजलेल्या शब्दात जी ओल आणि जी धास्ती शिल्लक आहे, ती जलपरीत उतरलेली मला कधी जाणवली नाही. आणि पाण्यातल्या पुरुषासाठी तर आपल्यापाशी रुळलेला शब्दच नाही. मत्स्यपुरुष म्हणावे तर दशावतारांचे चित्र डोळ्यांपुढे येते.

माशाशी आपले नाते मात्र दूरचे नव्हे, पोटाचे आहे. धुंडीसुत मालूने शके १७४१ मध्ये पूर्ण केलेल्या ‘नवनाथ भक्तिसारा’च्या चाळीस अध्यायांचे पारायण श्रावणात घरोघर चालते, आणि त्याच सुमारास आमच्या वस्तीतले सिंधी लोक झूलेलालाचा चाळीस दिवसांचा ‘चालीहो’ पाळतात; दोन्हींच्या मुळाशी मासाच आहे. एकीकडे माशाच्या उदरातून शंकराचा उपदेश ऐकणारा मच्छिंद्र, दुसरीकडे माशावर आरूढ होऊन सिंधूतून प्रकट होणारा उडेरोलाल, म्हणजे झूलेलालच. मारुतीच्या घामाचा थेंब गिळलेल्या मगरीचा मकरध्वज आहे, मत्स्यगंधा सत्यवती आहे. परंतु ही सारी माणसे माशाच्या पोटातून सबंध माणूस होऊनच बाहेर येतात. अर्धे राहणे, अर्धेपणाचे दुःख होणे आणि त्या दुःखापायी सौदा करणे, हे डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या मत्स्यकन्येचे भागधेय. कोपनहेगनच्या बंदरात १९१३ पासून तिचा ब्राँझचा पुतळा खडकावर बसलेला आहे. १९८९ च्या चित्रपटाने तिचे राजपुत्राशी लग्न लावून दिले, आणि तेव्हापासून पुष्कळ मुलांना तेवढाच शेवट ठाऊक असतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुलांना मूळ गोष्टच सांगावी, अशा मताचा मी आहे. समुद्रातली चेटकीण तिला पाय देते ते जिभेच्या मोबदल्यात. जीभ कापून घेते. आणि त्या पायांनी टाकलेले प्रत्येक पाऊल सुऱ्यांच्या धारेवर पडल्यासारखे लागते. सात वर्षांचे मूल हे सोसू शकते. ते सोसल्यावाचून त्या कथेचे काही हाती लागत नाही.

ज्या घरातून ताहिरीची वाटी आली, त्याच घरात माझ्या बालपणी एक वृद्धा राहत असे, जिला सारी गल्ली अम्मा म्हणे. निर्वासितांच्या वसाहतीतल्या त्या दोन खोल्या, दावा दाखल करताना सादर केलेल्या अर्जांच्या आणि कैफियतींच्या नकला ठेवलेली पत्र्याची पेटी, आणि वैशाखातल्या उन्हात गच्चीवर पसरलेल्या जुन्या चादरींवर शेकड्यांनी वाळणारे पापड, एवढे तिचे राज्य होते. मी त्या पापडांचा राखणदार. कावळे हाकलण्याच्या मोबदल्यात मला एक भाजलेला पापड आणि एक गोष्ट मिळे. त्या पत्र्याच्या पेटीतच तळाशी तिचे शाळेतले एक पुस्तक होते, मुखपृष्ठ गेलेले, कडा कसरीने खाल्लेल्या, उजवीकडून डावीकडे वाचायच्या अरबी-सिंधी लिपीतले. त्यात एकच चित्र मला समजत असे: समुद्र, आणि समुद्रात पिंजऱ्यात बसलेला एक माणूस.

तो मोरिडो. सोनमियाणीच्या ओभायो कोळ्याच्या सात मुलांपैकी सर्वांत धाकटा आणि पायाने अधू. सहाही भाऊ कोलाचीच्या भोवऱ्याकडे, म्हणजे पुढे जेथे कराची वसली तेथल्या समुद्रात, मासेमारीला गेले आणि परतले नाहीत. भोवऱ्यात राहणाऱ्या मंगरमच्छाने त्यांना नावेसकट गिळले. मग जो चालू शकत नव्हता म्हणून घरी राहिला होता, त्या मोरिड्याने लोहाराकडून बाहेरच्या अंगाला अणकुचीदार खिळे असलेला पिंजरा घडवून घेतला, त्याला दोरखंड बांधले, दोरखंडांची टोके काठावरच्या जनावरांना जुंपली आणि आत बसून तो भोवऱ्यात उतरला. मंगरमच्छाने पिंजरा गिळला, खिळे त्याच्या घशात रुतले, काठावरच्यांनी ओढून त्याला वाळूवर आणले, आणि मोरिड्याने त्याचे पोट फाडून भावांची हाडे बाहेर काढून पुरली. शाह अब्दुल लतीफ यांच्या ‘रिसाल्या’तला ‘सुर घातू’ या कोळ्यांचाच आहे, हे मला पुढे समजले. अम्मा सांगे तेव्हा तो तिच्या शेजारच्याच घरात घडलेला वृत्तान्त वाटे. ‘मंगरमच्छ म्हणजे मगर की देवमासा?’ असे मी विचारी. ती पापड उलटता उलटता म्हणे, ‘पुट, ज्याने त्याला पाहिले तो सांगायला उरला नाही. मोरिड्याने पाहिले ते आतून.’

एकदा मी तिला ते पुस्तक मोठ्याने वाचायला लावले. तिचा आवाज एकदम बदलला; हिंदीत ती चाचपडत बोले, येथे ती धावत होती. तिचा नातू माझ्याच वर्गात होता; तोही माझ्याइतकाच न समजता ऐकत बसला, कारण त्याची शाळा देवनागरीची होती आणि घरात मुलांशी सारे हिंदीतच बोलत. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधीचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला, तेव्हा अम्मा हयात होती. भाषेला सनद मिळाली, पण त्या घरात त्या पुस्तकाचा वाचक तिच्यानंतर कोणी निघाला नाही. अँडरसनची गोष्ट मी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वाचली, आणि चेटकीण जिभेची मागणी करते त्या ठिकाणी मी पुस्तक मिटून बराच वेळ गच्चीवर जाऊन उभा राहिलो होतो.

पल्ल्याची गोष्ट तिने फार उशिरा सांगितली. हा मासा राहतो समुद्रात, पण अंडी घालण्यासाठी सिंधूच्या प्रवाहाविरुद्ध वर चढतो. बंगाली लोक ज्याला इलिश म्हणतात तोच हा. सक्कर आणि रोहरी यांच्यामधल्या बेटावर जिंदा पीराचे ठाणे आहे. मुसलमान त्याला ख्वाजा खिज्र म्हणतात, हिंदू झूलेलाल म्हणतात, आणि पल्ला त्याच्या दर्शनालाच एवढी नदी चढून जातो, अशी त्या काठावरच्या लोकांची श्रद्धा. १९३२ साली सक्करला आणि १९५५ साली खाली कोट्रीला बांध पडले. आता ती वाट त्याला पूर्वीसारखी मोकळी नाही. पण अम्माने नदी सोडली तेव्हा कोट्रीचा बांध झालेला नव्हता, त्यामुळे तिच्या गोष्टीत पल्ला अजून वर जात होता. आणि दर्शन झाल्यावर, ती म्हणाली, पल्ला पीराकडे पाठ करून परतत नाही. तोंड ठाण्याकडेच ठेवून, प्रवाहाच्या ओढीने मागे मागे सरकत समुद्रापर्यंत जातो.

मुंबईचा समुद्र नागपूरहून रेल्वेने आठशे किलोमीटरांहूनही अधिक दूर. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून विचारले, ‘तू आगबोटीतून आलीस तेव्हा समुद्रात काय दिसले?’ सूर्य कलला होता, पापडांच्या कडा वळू लागल्या होत्या. तिने एकेक उचलून पाटीत रचायला सुरुवात केली. आगबोटीत पुढच्या बाजूला जागा मोकळी होती, ती म्हणाली, सावलीही तिकडेच होती. पण बायका-मुले, म्हातारे, सगळे मागच्या कठड्याला खेटून उभे होते, आणि कराचीचा दीपस्तंभ दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ तिकडे तोंड करून उभेच राहिले. मग पाटी डोक्यावर घेऊन ती जिना उतरली, आणि मी चादरींच्या घड्या करत राहिलो.