सात अंश

आमच्या गावातून तारापूरचं अणुवीज केंद्र दिसतं. लहानपणी मला ते देवळासारखंच वाटायचं. १९६९ साली तिथली वीज सुरू झाली तेव्हा बाबा विशीचे होते. ते सांगायचे, "पयल्या वर्षी लोकं गंमत म्हनून गरम पान्यात पाय बुडवायला जायची. वज्रेश्वरीला जायला नको, कुंड दारात आलं म्हनायची."

गंमत फार दिवस टिकली नाही. केंद्रातून कालव्याने समुद्रात येणाऱ्या पाण्याविषयी आमच्या किनाऱ्यावर दोन तट पडले. कोणी म्हणे पाणी उकळतं, कोणी म्हणे काहीच होत नाही. बाबा यातलं काहीच म्हणत नसत. ते पाग टाकायचे. थंडीत त्या ऊबेला बोय गोळा होतात आणि मे महिन्यात तिथे पाग रिकामा येतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी पालघरला कॉलेजात होतो तेव्हाची ही गोष्ट. पलीकडे तिसऱ्या-चौथ्या युनिटचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं. आमचे एक सर किनाऱ्यावरच्या पाण्याचं तापमान मोजायचं म्हणत होते. त्यांना होडी हवी होती आणि हाताखाली एक पोरगा. होडी बाबांची, पोरगा मी. रोजाचे पैसेही मिळणार होते.

सरांनी पहिल्या दिवशी वाळूवर बसून समजावलं. अणुभट्टीत तयार होणाऱ्या उष्णतेतली साधारण एक तृतीयांशच वीज होते. बाकीची उष्णता कुठेतरी सोडावी लागते, ती समुद्राचं पाणी घेऊन जातं. हे पाणी भट्टीत जात नाही. ते हजारो नळ्यांमधून फिरतं, नळ्यांबाहेरची वाफ थंड होते आणि पाणी तापून परत येतं. नळ्यांत शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून त्यात क्लोरीनही सोडतात. "म्हणजे मासा पळाला तर तो उष्णतेनेच पळाला असं लगेच म्हणायचं नाही," सर म्हणाले. नियम असा होता की समुद्राचं पाणी वापरणाऱ्या वीजकेंद्रांमुळे जिथे पाणी सोडतात तिथलं तापमान मूळ तापमानापेक्षा सात अंशांहून जास्त वाढू नये.

बाबा लांबून ऐकत होते. म्हणाले, "सर, पौषातलं सात आनि वैशाखातलं सात येकच का?"

सर थोडा वेळ गप्प बसले, मग वही काढून त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. आमच्या समुद्राचं पाणी थंडीत चोवीस अंशांच्या आसपास असतं, मे महिन्यात तीसवर जातं. चोवीसात सात मिळवले तर एकतीस, म्हणजे उन्हाळ्यातला नेहमीचाच समुद्र. तीसात सात मिळवले तर सदतीस. उष्ण समुद्रातला मासा आधीच आपल्या सोसण्याच्या टोकाजवळ जगत असतो. त्यातून पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी.

मोजणं सोपं नव्हतं. गरम पाणी हलकं, ते वर साईसारखं पसरतं. म्हणून वरचं मोजायचं, मग दोरीला वजन बांधलेली बाटली सोडून खालचं काढायचं. भरतीला ही साय एकीकडे सरकते, ओहोटीला दुसरीकडे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'मूळ' तापमान कुठलं धरायचं? काठाजवळ उन्हाने तापलेल्या उथळ पाण्यात ते मोजलं तर फरक आपोआप कमी दिसतो. त्यासाठी आम्ही दूर, खोल पाण्यात जायचो.

मे महिन्यातल्या एका दुपारी, ओहोटीला, मी कालव्याच्या तोंडाशी बादली ओढली. थर्मामीटर वाचला, आकडा लिहिला. मला हवा तेवढा तो नव्हता. त्या वर्षी घरात पैसा नव्हता, आईने कानातलं गहाण ठेवलं होतं. गावात नुकसानभरपाईची बोलणी चालली होती. आकड्याच्या शेवटी २ होता. मी खाली एक वळण दिलं. ३ झाला.

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पेन दुसऱ्यांदा फिरलेलं त्यांनी पाहिलं.

"काय केलंस?"

मी सांगितलं. शाबासकी मिळेल असंच मला वाटलं होतं.

बाबांनी वल्हं आत घेतलं. "पानी गरम हाय ते मला म्हाईत हाय. तीस वर्सं पाय बुडवतोय. पन जे नाय ते लिवू नको. उद्या कोनी यंत्र घेऊन येल, मोजंल, नि तुजा आकडा खोटा निगंल. मंग माजं खरं बी खोटंच ठरंल."

परत येईपर्यंत आम्ही बोललो नाही. संध्याकाळी मी स्वतःच सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. "खोडू नकोस. एक रेघ मार, आधीचं दिसलं पाहिजे. शेजारी खरा आकडा लिही, वेळ लिही, सही कर." त्या दिवसाच्या सगळ्याच नोंदी त्यांनी बाजूला काढल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. त्या फेरीचे पैसे बाबांनी घेतले नाहीत.

२००५-०६ मध्ये नवी युनिटं सुरू झाली. जुनी दोन १६० मेगावॉटची, नवी प्रत्येकी ५४० ची. आता बाबा नाहीत, होडीही विकली. बोंबील कमी झाले म्हणतात, पण त्याला गरम पाणी किती कारण, ट्रॉलर किती आणि कारखान्यांचं सांडपाणी किती, हे एका बादलीने सांगता येत नाही.

मी शाळेत शिकवतो. दर महिन्याला सातवीची मुलं घेऊन किनाऱ्यावर जातो. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, वारा, तापमान. कोणी चुकलं तर खोडरबर चालत नाही, एक रेघ मारायची. मुलं विचारतात, असं का? तेव्हा मी ती जुनी वही काढतो आणि रेघेखालचा ३ दाखवतो.