आठ पट्ट्यांचा जीव

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु बालाघाटचा काळा पाषाण आणि हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरील काळा कातळ हे दोन्ही एकाच दख्खनी लाव्ह्याचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थिजला. इकडे त्याची झीज होऊन कपाशी-तुरीची काळी माती झाली, तिकडे तो आजही लाटा झेलतो आहे आणि त्याच्या कपारींतून कायटन नावाचा जीव चिकटून असतो.

आष्टी तालुक्यातील कडा गावच्या एका आडत व्यापारी कुटुंबातील नात प्राणिशास्त्र शिकते. चातुर्मास संपल्यावर घरची मंडळी कोकणात गेली, तेव्हा अमावस्येची ओहोटी साधून ती उजाडताच दादाजींना कातळावर घेऊन गेली. नवकारसीला अजून अवकाश होता.

कायटन प्रथम दिसतच नाही. अंगठ्याच्या पेराएवढा, खडकाच्याच रंगाचा. पाठीवर कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या आठ पट्ट्या आणि भोवती मांसल किनार. हा शंख-शिंपल्यांचा नातलग असून जगात याच्या सुमारे हजार जाती आहेत. त्याच्या जिभेवरील दातांना मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे टोक असते. त्याने तो खडकावरचे शेवाळ खरवडतो. लोखंडी दातांचा हा जीव स्वभावाने मात्र अगदी निरुपद्रवी.

ओळख पटवायची तर आधी किनार पाहावी. कुणाच्या किनारीवर खवले असतात, कुणाच्या काटे. येथे पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना काचेसारख्या बारीक काट्यांचे झुबके होते. मूठभर तूर हाती घेऊन वाण सांगणाऱ्या दादाजींनी भिंग डोळ्याला लावले आणि झुबके मोजले : अठरा. एवढ्यावरून प्रजाती ठरली, अकँथोकायटोना. पुढचा प्रश्न जातीचा. मलबारातील माहे येथील नावाची एक जात, अकँथोकायटोना माहेन्सिस, विंकवर्थ यांनी 1927 मध्ये नोंदवली आहे. हा तोच का, हे वरवर पाहून ठरत नाही. त्यासाठी जीव खडकावरून सुरीने सोडवावा लागतो, पट्ट्या सुट्या करून त्यांच्या झाकलेल्या कडांवरील खाचा मोजाव्या लागतात, दात सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागतात. नातीच्या पिशवीत सुरी होती, स्पिरिटची बाटलीही होती.

उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात शंख आणि कवड्या बेइंद्रिय जीवांत मोजल्या आहेत : स्पर्श आणि रस, एवढ्या दोनच इंद्रियांचे. ते त्रसजीव, म्हणून त्यांची संकल्पी हिंसा अणुव्रतधारी श्रावकालाही वर्ज्य. नातीने हे लहानपणापासून ऐकले होते. ती म्हणाली, "दादाजी, काही कायटनांच्या कवचात शेकडो बारीक डोळे असतात. याच्या कवचात तसे भिंगाचे डोळे नाहीत, पण प्रकाश जाणणारी छिद्रे आहेत. मग याला बेइंद्रिय कसे म्हणायचे?"

दादाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. शास्त्र मोठे की सूक्ष्मदर्शक, या वादात ते शिरले नाहीत, हे बरेच झाले. "दिसत असेल त्याला," ते म्हणाले, "तर हात आणखी जपूनच लावायला हवा."

"पण माहेचा नमुना कुणी उचलला नसता, तर आज ओळखायचे साधनच नव्हते."

"खरे आहे, बाळ. ते आपण नाकारू नये. पण ते काम झाले आहे. तुझ्या वहीसाठी आणखी एक कशाला?"

ही तडजोड सोयीची आहे, असे कुणी म्हणेल. आणि ते अगदीच खोटे नाही. एका जातीऐवजी दुसरीच जात किनाऱ्यावर असेल, तर ती अशा संयमाने अज्ञातच राहील. नातीलाही हे ठाऊक होते. कायटन एकदा खडकावरून सुटला की अंगाची गुंडाळी करतो आणि पुन्हा चिकटेपर्यंत खेकड्यामाशांच्या तोंडी सहज पडतो, हेही ठाऊक होते.

तिने सुरी काढली नाही. शेजारी पाच रुपयांचे नाणे ठेवून छायाचित्रे घेतली, भरतीचे पाणी घोट्याला लागेपर्यंत घेतली. वहीत तिने लिहिले : अकँथोकायटोना, झुबके अठरा, जाती अनिश्चित, नमुना घेतला नाही.