तार गेली, नंबर राहिला

घरात वस्तू दोन तऱ्हांनी येतात. काही आपण आणतो आणि काही आपल्या पायांनी येतात. पंखा, पलंग, कपाट ह्या आणलेल्या वस्तू. टेलिफोन मात्र आमच्या वेळच्या मध्यमवर्गीय घरांत कुणी आणला नाही, तो आला. लांबलेला पाऊस यावा तसा आला. माझ्या वडिलांनी 1978 साली अर्ज केला आणि 1986 साली टेलिफोन आला. मधल्या आठ वर्षांत माझी शाळा संपली, ताईचे लग्न होऊन ती नागपूरला गेली, आणि अर्जाची पावती तेवढी देवघराच्या खणात जपमाळेशेजारी सुखरूप होती.

तो आला तेव्हा आईने त्याच्यासाठी क्रोशाचे झाकण विणले. पुण्याच्या आमच्या वाड्यातल्या सात बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर ‘पी. पी.’ म्हणून छापला जाऊ लागला. घंटा वाजली की आई जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारी, ‘‘अहो वरच्या काकू, नागपूर!’’ मग काकू ओले हात पदराला पुशीत धावत येत, आणि नागपूर इतके लांब आहे म्हणून तितक्याच मोठ्याने बोलत. साऱ्या वाड्याला बातमी एकदमच कळे. कुणाला मुलगा झाला, कुणाचा जावई रुसला, कुणाच्या घरी रात्री दोन वाजता घंटा वाजली, हे सारे त्या काळ्या डब्याने आम्हांला सांगितले.

पुढे काळा डबा जाऊन बटणांचा टेलिफोन आला. नंबर सहा आकड्यांचा होता, तो सातांचा झाला, मग पुढे 2 लागून आठांचा झाला. पण शेपूट तेच राहिले. वाडा पडला, तिथे इमारत उभी राहिली, वडील गेले. आई त्याच जागी, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, एकटी राहते. ‘‘तुझ्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून येईन, बिऱ्हाड माझं इथंच,’’ असे तिने मला केव्हाच बजावले आहे.

तिचे वय आज 84 आहे आणि काचबिंदूने तिची दृष्टी बरीचशी नेली आहे. मोबाईल तिला चालत नाही. त्या गुळगुळीत काचेवर बोटाला काही सापडत नाही. बटणांच्या टेलिफोनवर मात्र 5 च्या बटणावर एक बारीकसा उंचवटा असतो. तो सापडला की वर 2, खाली 8, डावीकडे 4, उजवीकडे 6. साऱ्या जगाची दिशा लागते. रात्री आठला ती मला फोन करते. साडेआठपर्यंत आला नाही तर मी निघायचे, असा आमचा ठराव. त्या एवढ्याशा उंचवट्यावर तिचे एकटे राहणे उभे आहे म्हणा ना!

अलीकडे मात्र ह्या टेलिफोनला दर पावसाळ्यात मूर्च्छा येऊ लागली होती. रस्ता खणला की तार तुटे, पाऊस पडला की सांध्यांत पाणी शिरे. शेवटी कंपनीने कळवले की तांब्याची तार आता दुरुस्त होणार नाही. फायबर घ्या, टेलिफोन इंटरनेटवरून चालेल, नंबर तोच राहील.

आईने सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. ‘‘अरे, वीज गेली तर?’’

प्रश्न अगदी वर्मी लागणारा होता. जुन्या टेलिफोनला घरची वीज लागतच नसे. एक्स्चेंजमध्ये 48 व्होल्टच्या बॅटऱ्या असत, आणि ज्या दोन तारांतून आपला आवाज जाई त्यांतूनच त्यांची वीज आपल्या घरी येई. सारी पेठ अंधारात बुडाली तरी रिसीव्हर उचलावा, तो आपला गुणगुणतच असे. फायबरच्या काचेतून येतो तो प्रकाश, वीज नव्हे. तेव्हा त्या प्रकाशाचा पुन्हा आवाज करणारी पेटी घरच्या विजेवर चालवावी लागते. वीज गेली की पेटी गप्प आणि टेलिफोनही गप्प.

मी एक छोटी बॅटरी आणली. जोडणी करायला एक तरुण आला. केसाएवढ्या जाडीची काच त्याने मोठ्या नजाकतीने सांधली आणि आईचा जुना टेलिफोनच पेटीला जोडून दिला. उंचवट्यासकट! आईने त्याला चहा दिला आणि खुर्ची ओढून त्याची तोंडी परीक्षा घेतली. तोही बिचारा मन लावून सांगू लागला: ‘‘आजी, तुमचा आवाज हे यंत्र सेकंदाला 8,000 वेळा मोजतं. ते आकडे सेकंदाला 50 पुड्यांत बांधतं. प्रत्येक पुडीवर पत्ता असतो. पलीकडे पुड्या सोडून पुन्हा आवाज होतो.’’

‘‘म्हणजे बुंदी पाडायची इथं आणि लाडू वळायचा तिथं!’’ आई म्हणाली. ‘‘आणि वाटेत एखादी कळी सांडली तर?’’

‘‘एखाददुसरीनं काही होत नाही, आजी. लाडू वळला जातो.’’

नव्या फोनवर पहिले दोन दिवस आई मधूनच विचारी, ‘‘आहेस ना रे?’’ जुन्या तारेत सतत एक बारीक सरसर असे. इथे मी बोलायचा थांबलो की पार निःशब्द. पुढे वाचनात आले की शांततेच्या पुड्या पाठवायच्या नाहीत अशी काटकसर ह्या पद्धतीत करता येते. पण मग ऐकणाऱ्याला लाईन मेली असे वाटते, म्हणून यंत्र मुद्दाम त्याच्या कानात खोटी सरसर सोडते. मला त्या अभियंत्यांचे कौतुक वाटले. पलीकडे कुणी आहे हे कळायला शब्दच लागतात असे नाही, हे त्यांना उमगले होते.

तिसऱ्या रात्री आठ वाजता फोन आला. ‘‘मेन स्विच बंद केलाय. तुझी बॅटरी किती चालते ते बघते. दर अर्ध्या तासानं फोन करीन.’’ अंधाराचे तिला काहीच नव्हते. घड्याळाचे टोले ऐकून तिने साडेआठला फोन केला, नऊला केला, साडेनऊला केला. साडेअकराला म्हणाली, ‘‘अजून आहे.’’ बाराला फोन आला नाही.

बॅटरी संपली असणार, हे मला ठाऊक होते. तरी बारा वाजून पाच मिनिटांनी मी स्कूटर काढली. माणसाला ठाऊक असणे वेगळे आणि स्वस्थ बसवणे वेगळे. पोचलो तो आई दारातच उभी. घरात दिवे लखलखत होते.

‘‘साडेतीन तास,’’ ती म्हणाली. ‘‘तू येणार हे माहीत होतं. आता मोठी आण.’’

मी मोठी आणली. ती रात्रभर पुरते. त्या रात्री स्कूटरवरून परतताना एक गोष्ट मनात आली. इतकी वर्षे आमच्या टेलिफोनची बॅटरी दूर कुठल्याशा एक्स्चेंजात होती. तिच्यात पाणी घालणारा, ती भरलेली आहे ना हे रात्री-बेरात्री पाहणारा कुणी माणूस होता. त्याचे नाव आम्ही कधी विचारले नाही. तो होता म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. आता त्याचे काम आमच्या टेबलाखाली आले आहे. नवी सोय घरी येते तेव्हा तिच्याबरोबर जुन्या नोकराचे कामही आपल्याकडे येते. त्याची पावती तेवढी कुणी देत नाही.

आईने मात्र ते काम आपल्याकडे घेतले आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रात्री आठ वाजता ती मेन स्विच बंद करते आणि दर अर्ध्या तासाने मला फोन करते. त्या रात्री मी सिनेमाची तिकिटे काढीत नाही.