पैठणीच्या रंगाचा मासा

होस्टेलच्या मेसमधली भाजी बघून ताट सरकवणारे आपण सगळेच. पण समोर खाणं असूनही उपाशी मेलेला एक जीव मी पाहिलाय, म्हणून हे लिहितोय.

बारावी संपली आणि बाबांनी कबूल केल्याप्रमाणे खाऱ्या पाण्याची टाकी घरी आली. दोन फुटी, ८० लिटरची. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलो. तेही खास, मॅग्नेशियम, कॅल्शियम असलेलं. "घरातल्या मिठाला काय झालं?" इति आई. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची, हे तिला पटवताना माझी आख्खी केमिस्ट्री पणाला लागली! सहा आठवडे टाकी बिनमाशाची चालवली. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढावे लागतात. टेस्ट किटवर पहिले दोन्ही शून्य दिसले आणि मी दुकान गाठलं.

तिथे मँडरिन होता. बोटाएवढा, निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा. आई म्हणाली, "अगदी पैठणीच रे!" बहुतेक प्राण्यांचा निळा रंग हा प्रकाशाचा खेळ असतो, याच्या पेशींत मात्र खरंच निळं रंगद्रव्य असतं. "काहीही खातो," दुकानदार म्हणाला. मीही पुढे विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच बहुधा.

पश्चिम पॅसिफिकच्या प्रवाळांत हा दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत फिरतो. ते जुन्या, दगडांनी भरलेल्या टाकीत वाढतात. माझ्या सहा आठवड्यांच्या टाकीत कुठून असणार? महागडे दाणे त्याच्या तोंडासमोरून खाली पडायचे. तो आपला दगड टोचत बसायचा आणि पोट रोज थोडं आत. दुकानदार परत घेईना. आईने सुकट कुटून टाकून पाहिली. एकविसाव्या दिवशी सकाळी तो दगडामागे आडवा होता. रंग तसाच.

मग ॲडमिशन, होस्टेल. दिवाळीला घरी गेलो तेव्हा टाकी चालूच होती. रात्री सहज टॉर्च मारला, तर काचेवर पांढरे ठिपके तुरुतुरु पळत होते. कोपेपॉड! शेकडो!

"आता आणायचा का रे एखादा?" आईने विचारलं.

८० लिटरमधले कोपेपॉड एका मँडरिनला किती दिवस पुरतील, हा हिशेब मला अजून जमलेला नाही. तोवर आई रोज तांब्याभर गोडं पाणी घालते आहे.